रंगीत तालमीतली मुलगी

भिंगरी शहाण्यासारखी वागायला लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. वाटणारच. जिच्या मागे बूट घेऊन धावावं लागायचं, जी दात घासता घासता गाणं म्हणायची आणि गाणं संपलं नाही म्हणून चूळ भरायची नाही, ती पोर आता सांगितल्या जागी बसायची. बसली की उठायची नाही. भिंगरी हे नाव तिला उगीच पडलेलं नव्हतं, पण शाळेतली मोठी परीक्षा झाली त्या दिवसापासून भिंगरी फिरायची थांबली होती.

"सुधारली हो तुझी लेक," सासूबाई म्हणाल्या. "मी म्हणतच होते, तिसरीत गेली की ताळ्यावर येईल. हिचा बापही तिसरीतच ताळ्यावर आला."

"आणि चौथीत परत सुटला," बाप म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि सकाळी स्वतःचा चष्मा शोधण्यात त्याचा अर्धा वेळ जायचा. "असू दे की. चार दिवस सुख आहे तर घ्या."

भिंगरीच्या आईला मात्र हे सुख बोचत होतं. का ते तिलाही आधी कळेना. मग एके सकाळी कळलं.

"दूध की पाणी?" तिने विचारलं.

"पाणी."

"पाव की बिस्कीट?"

"बिस्कीट."

"निळा फ्रॉक घालतेस की पिवळा?"

"पिवळा."

पिवळ्याची कॉलर टोचते म्हणून भिंगरीने तो दोनदा गॅलरीतून खाली टाकला होता. आईच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. तिने हळूच विचारलं, "पिवळा घालतेस की निळा?"

"निळा."

"पाणी की दूध?"

"दूध."

सासूबाईंना गंमत वाटली. "थांब, मी विचारते. आजी आवडते की आई?"

"आई."

"घ्या! एवढं केलं त्याचं हे फळ," असं म्हणून त्या हसत हसत आत गेल्या.

खोलीत दोघीच उरल्या. आईला तो प्रश्न विचारायचा नव्हता. पण दुखऱ्या दाताला जीभ लावल्याशिवाय राहवत नाही ना, तसं झालं.

"आई आवडते," ती म्हणाली, "की भिंत?"

मुलीने तिच्याकडे सरळ पाहिलं. "भिंत."

"भिंगरी, काय झालंय गं तुला?"

मुलगी नुसती बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. दारात उभं राहून कुणी आत बोलवायची वाट पाहावी, तशी ती पुढच्या शब्दांची वाट पाहत होती. प्रश्न तर आला, मग पर्याय कुठे आहेत?

दुसरा पर्याय. नेहमी दुसरा. ही सवय कुणाची होती ते आईला चांगलं ठाऊक होतं. ती तिची स्वतःची होती.

*

ऑफिसात तिला सगळे परीक्षाताई म्हणत. त्या भागातल्या सगळ्या सरकारी शाळांतल्या मुलांची एकसारखी परीक्षा घ्यायची आणि कोण किती पुढे सरकलं याचे आकडे वर पाठवायचे, हे तिचं काम. हाताखाली कुणी नाही आणि डोक्यावर सगळे, अशी ती खुर्ची होती. मूल किती हुशार आहे हे त्या परीक्षेत कुणी विचारत नसे. मागच्या वेळेपेक्षा किती वाढलं, एवढंच विचारत. प्रत्येक मुलाच्या नावापुढे दोन रेघा असायच्या. मूल कुठवर पोचायला हवं त्याची तुटक रेघ, आणि प्रत्यक्षात पोचलं त्याची सलग. तुटक रेघेच्या खाली राहिलं की मूल जादा तासाला.

परीक्षा संगणकावर होत असे, आणि संगणकाचा काही भरवसा नाही. म्हणून दरवर्षी परीक्षेच्या आधी ती रंगीत तालीम करायची. ऑफिसजवळच्या शाळेतल्या संगणकाच्या खोलीत जायचं, खिडकीजवळच्या शेवटच्या खुर्चीत बसायचं आणि एक खोटं मूल बनून पेपर सोडवायला घ्यायचा. नाव टाकलं की पेपर उघडतो का, पुढचा प्रश्न येतो का, उत्तर टिकतं का, हे बघायचं. प्रश्न वाचायची गरजच नव्हती. ती आपली दर वेळी दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवायची आणि पुढे जायची. दहाबारा प्रश्न नीट आले की "झालं, चालतंय" म्हणून उठायची. पेपर तसाच अर्धा राहायचा.

ते खोटं मूल तिने नोकरीच्या पहिल्या वर्षी बनवलं होतं. तेव्हा ती पोटुशी होती, पायांना सूज होती, आणि संगणक विचारत होता: विद्यार्थ्याचं नाव काय? तिला दुसरं नाव सुचेना. मुलगी झाली तर ठेवायचं म्हणून नवऱ्याशी भांडून भांडून ठरवलेलं नाव तिने टाकलं. जन्मतारीख? डॉक्टरांनी दिलेली तारीख टाकली, फक्त साल मागे नेलं, म्हणजे मूल तिसरीच्या वयाचं होईल. काम झालं की पुसून टाकू, असं तेव्हा म्हणाली होती.

पुसायचं राहिलं. पुढच्या वर्षी मांडीवर भिंगरी होती आणि डोळ्यांवर झोप. तयार मूल आहे तर नवं कशाला करा? तिने फक्त जन्मसाल एकाने पुढे सरकवलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. बाकीची मुलं चौथीत जायची, पाचवीत जायची. या मुलीचा पेपर कधी पुराच होत नसल्यामुळे यंत्र तिला वर चढवत नसे. आकडे वर पाठवताना "अपूर्ण" म्हणून ताई तिला गाळायची. ती आपली तिसरीतच, खिडकीजवळ, वर्षातून एकदा पाव तास.

खरी भिंगरी बरोबर डॉक्टरांनी दिलेल्या दिवशीच जन्मली. आयुष्यात तिने वेळ पाळली ती तेवढी एकदाच. आणि यंदा ती त्याच शाळेत तिसरीत गेली. यंदाही तालमीच्या वेळी ताईने खोट्या मुलीचं साल सवयीने पुढे सरकवलं. घाईत तिला कळलंच नाही की ते सरकत सरकत आता कुठे येऊन पोचलंय.

*

भिंत आवडते म्हणाली त्याच दिवशी साहेबांनी ताईला बोलावलं. साहेब स्वभावाने वाईट नव्हते. फक्त वरून फोन आला की त्यांना घाम फुटायचा, आणि वरून फोन रोज यायचा.

"परीक्षाताई, अहो दुबार नोंद शोधत मी भागभर फिरतोय आणि ती निघाली तुमच्याच घरची! काखेत कळसा नि गावाला वळसा. एकच नाव, एकच तारीख, एकच वर्ग. काय, जुळ्या आहेत की काय?"

"एकच आहे साहेब. दुसरी माझी तालमीची नोंद. पुसायची राहिली."

"मग आता पुसा. उद्या पाचला मुदत संपते. शाळेचा नंबर असलेली नोंद ठेवायची, दुसरी उडवायची, तिच्या पेपरसकट. नियम तुम्हीच सगळ्या शाळांना शिकवता. मी काय सांगू?"

ती जागेवर आली आणि तिने दोन्ही पेपर उघडले.

भिंगरीच्या खऱ्या नंबरावरचा पेपर पूर्ण होता. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत दुसरा पर्याय. शेवटच्या लिहायच्या प्रश्नाची जागा कोरी.

खोट्या मुलीचा पेपर तिने उघडला. सुरुवातीचे प्रश्न तिचेच होते, तालमीत दिलेले. ती जिथे उठून गेली होती तिथून पुढे मात्र कुणीतरी खरीखुरी उत्तरं दिली होती. बारा पेन्सिली चार मुलांत सारख्या वाटायच्या होत्या. उत्तरात तिनाच्या जागी दोन निवडलेले होते. खाऊ वाटताना भिंगरी नेहमी काही मागे ठेवायची. "उशिरा येणाऱ्यांना नको का?" म्हणायची, कारण उशिरा येणारी बहुधा तीच असे.

शेवटचा प्रश्न होता: तुझ्या घरातल्या एका माणसाबद्दल पाच वाक्यं लिही. खाली लिहिलेलं होतं, "माझी आई सगळ्या मुलांची परीक्षा घेते. घरी आली की ती". एवढंच. पुढे काही नाही.

दोन्ही पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच यंत्रावरून दिलेले होते. खिडकीजवळच्या शेवटच्या. असं होत नाही. एका यंत्रावर एका वेळी एकच पेपर उघडतो. हे तिच्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार?

आणि खोट्या मुलीच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. हिरवा म्हणजे मूल अजून जागेवर आहे. परीक्षा होऊन आठवडा उलटला होता, आणि आज-उद्या शाळेला सुट्टी होती. ती ठिपक्याकडे बघत असतानाच "ती" या शब्दापुढे एक अक्षर उमटलं. थांबलं. मग कुणीतरी ते खोडलं. परत उमटलं, परत खोडलं. भिंगरी असंच लिहायची. एक अक्षर काढायची, दोनदा पुसायची.

"ताई, खिडकी लावू का?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं. "काटा आलाय तुमच्या हातावर."

तिने भिंगरीच्या वर्गाच्या बाईंना फोन लावला.

"अहो, मी तुम्हाला फोन करणारच होते," बाई म्हणाल्या. "परीक्षेला बसताना मुलांना नावाच्या चिठ्ठ्या देतो ना आपण, तर तुमच्या लेकीच्या नावाच्या दोन निघाल्या. म्हटलं, ऑफिसने दोनदा छापली. तुमचंच ऑफिस, तुम्हाला काय बोलायचं? दोन्ही तिच्याच हातात दिल्या. म्हटलं, जादाची आईला नेऊन दे."

"बसताना ती एकटीच होती?"

"शेवटच्या खुर्चीत बसली, तिथे दुसरं कोण बसणार?" बाई जरा घुटमळल्या. "एक सांगू? हसू नका. हजेरीला मी तिचं नाव घेतलं तर 'हजर' दोनदा ऐकू आलं. खोली मोठी आहे, आवाज घुमतो कधी कधी."

*

संध्याकाळी ती मुलीचे केस विंचरायला बसली. एरवी हे काम म्हणजे कुस्तीच. आज मुलगी पाठमोरी शांत बसली होती. केसांना तोच साबणाचा वास, मानेवर तोच तीळ.

ताईने मनाशी प्रश्न जुळवले. आयुष्यात इतके प्रश्न तिने तपासले होते, पण इतक्या भीत भीत कधी नाही.

"परीक्षेला तू एकटी होतीस, की शेजारी कुणी होतं?"

"शेजारी कुणी होतं."

यात काही अर्थ नव्हता. तिने उलटं विचारलं. "शेजारी कुणी होतं, की तू एकटी होतीस?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मुलीने दुसरा पर्याय घेतला नव्हता. ती आपणहून बोलली. आवाज भिंगरीचाच होता, पण फार दिवस न वापरल्यासारखा.

"तू नेहमी उठून जातेस."

"कुठून?"

"खिडकीजवळून. जरा वेळ बसतेस आणि उठतेस. मला उठता येत नाही."

"का बाई?"

"पेपर संपत नाही ना."

फणी केसांत तशीच अडकली. आतल्या खोलीत सासूबाई रेडिओशी बोलत होत्या, नवरा चष्मा शोधत होता. घर जसंच्या तसं चालू होतं.

"आणि भिंगरी?" तिने विचारलं. "ती कुठाय?"

"ती म्हणाली, तू जा, जरा फिरून ये. तोवर मी तुझी जागा धरते."

अगदी भिंगरीच. घसरगुंडीच्या रांगेतही ती दुसऱ्यांसाठी जागा धरायची आणि मग स्वतःचीच पाळी घालवून बसायची.

"मग आता परत ये म्हणावं तिला."

"कशी येईल? पेपर जमा केल्याशिवाय उठायचं नाही. आणि दुसऱ्याचा पेपर जमा करायचा नाही. तूच सांगतेस सगळ्यांना."

ती सांगत असे खरं. दरवर्षी, प्रत्येक शाळेत, याच शब्दांत.

उद्या पाचला मुदत. पाचच्या आत तिने ती नोंद उडवली नाही तर साहेब स्वतः उडवतील, पेपरसकट आणि त्या पेपरपाशी जागा धरून बसलेल्या पोरीसकट. मग घरी ही राहील. शहाणी, स्वच्छ, भिंत आवडणारी. आणि सगळे म्हणतील, सुधारली हो.

तिने फणी सोडवली. सकाळपासून ती या मुलीला भ्याली होती. खरं सांगायचं तर मनातून तिचा राग राग केला होता. आता समोरच्या बारीक मानेकडे बघताना तेही जमेना. हिला नाव कुणी दिलं? खुर्चीत कुणी बसवलं? आणि "झालं, चालतंय" म्हणून पाठ कुणी फिरवली?

"वेणी एक घालू," तिने सवयीने विचारलं, "की दोन?"

"दोन," मुलगी म्हणाली. मग थांबून म्हणाली, "मला कधी घातल्या नव्हत्या."

तिने दोन घातल्या. घट्ट नाही, सावकाश.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर ती ऑफिसात परत गेलीच नाही. मुलीचा हात धरून शाळेत गेली. तो हात तिच्या हातात ठेवल्यासारखा होता, धरलेला नव्हता. शिपाईमामांनी किल्ल्यांचा जुडगा काढला.

"ताई, तालीम तर कधीच झाली की तुमची?"

"एक राहिलीय मामा."

"हत्ती गेला नि शेपूट राहिलं," मामा म्हणाले आणि खोली उघडून देऊन बाकावर पेंगायला गेले.

यंत्रांवर पांढरी फडकी झाकलेली होती. ओळीत मुलं तोंडावर पांघरूण घेऊन बसल्यासारखी ती दिसत होती. शेवटच्या यंत्राचं फडकं तेवढं खाली घरंगळलं होतं. ताईने त्या खुर्चीवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. खुर्ची गरम होती, नुकतंच कुणी उठल्यासारखी. किंवा न उठल्यासारखी.

"भिंगरी," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, "जरा सरक गं. तिला बसू दे."

मुलगी खुर्चीच्या एका कडेला बसली. अर्धी खुर्ची रिकामी ठेवून. ताई शेजारी जमिनीवरच टेकली. दुसरी चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळलेली सापडली. मुलीने एका बोटाने नाव टाकलं. पेपर उघडला. लिहायचा प्रश्न, आणि खाली भिंगरीचं अर्धं वाक्य.

मुलीने पडदा वरून खालीपर्यंत पाहिला. "यात दुसरा कुठाय?"

"यात दुसरा नसतो. पहिलाही नसतो. यात आपलं आपण लिहायचं."

"मला घर नाही."

ताई म्हणाली, "मग आहे ते लिही."

"आहे काय?"

"तूच बघ."

मुलीने मान वळवून पाहिलं. "खिडकी आहे. खुर्ची आहे." मग तिने खाली, जमिनीवर बसलेल्या ताईकडे पाहिलं. "तू असतेस. थोडा वेळ."

ती लिहायला लागली. एक अक्षर, मग शोधाशोध, मग दुसरं अक्षर. ताईच्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला. साहेब. थांबला. परत साहेब. भिंतीवरचं घड्याळ पाचाकडे सरकत होतं. ताईची बोटं शिवशिवत होती. चार शब्द तर लिहायचे, तीच लिहून टाकेल. पण पेपर तिचा नव्हता. इतकी वर्षं तिचा नसलेला पेपर तीच देत आली होती आणि त्याचंच हे झालं होतं. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

पडद्यावर आता असं होतं: "माझी आई सगळ्या मुलांची परीक्षा घेते. घरी आली की ती दोन वेण्या घालते. इथे आली की ती माझ्या जागेवर बसते. मग ती जाते. आज ती गेली नाही."

"पाच वाक्यं झाली," मुलगी म्हणाली. "जमा केल्यावर काय होतं?"

"तुझा वर्ग पूर्ण होतो."

"मग?"

"मग पुढचा वर्ग."

"तिथे खिडकी आहे?"

"मला माहीत नाही गं," ताई म्हणाली. खोटं सांगावंसं फार वाटलं होतं. "मी तिथे कधी गेले नाही. तिथे मुलंच जातात."

मुलीने बटण दाबलं. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला, जो प्रत्येक पेपरच्या शेवटी येतो आणि ज्याच्याकडे कुणी बघतही नाही. पेपर जमा करायचा? एक, हो. दोन, नाही.

मुलीचं बोट उचललं गेलं आणि सरळ दुसऱ्याकडे निघालं.

"बाळा." हा शब्द ताईच्या तोंडून आपोआप निघाला. आठवड्यात पहिल्यांदा, आणि तसं पाहिलं तर त्या मुलीच्या उभ्या जन्मात पहिल्यांदा. बोट अधांतरी थांबलं. "दुसऱ्यावर मी बोट ठेवायचे. मला घाई असायची म्हणून. प्रश्न मी कधी वाचलेच नाहीत. तुला वाटलं, उत्तर तेच असतं. तसं नसतं गं. तू वाच. आणि तुला हवं ते दे."

"मला हवं ते?"

"हो."

"मी नाही म्हणाले तर?"

ताईने रिकाम्या अर्ध्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे तिची लेक जागा धरून बसली होती. किती वेळ बसेल, आठ वर्षांची पोर? भूक लागली असेल. "तर मी इथेच बसेन," ती म्हणाली. "दोघींजवळ."

मुलगी वाचत होती. ओठ हलवत, अक्षरन् अक्षर. घड्याळाचा काटा कर्रकन सरकला. फोन थरथरून थरथरून गप्प झाला. मग मुलीने बोट वर नेलं, पहिल्यापाशी, आणि दाबलं.

हिरवा ठिपका गेला.

खोलीत काही झालं नाही. दिवे गेले नाहीत, वारा आला नाही. फक्त सगळ्या यंत्रांवरची फडकी एकदा हलली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणी धावत दाराकडे गेल्यासारखी. आणि खुर्चीतली पोर धपकन बाजूला कलली, जशी काही शेजारचा टेकूच निघाला.

"आई गं! पायाला मुंग्या आल्या माझ्या!" ती किंचाळली. "किती वेळ लावलात दोघींनी! मला शू लागलीय, भूक लागलीय, आणि हा पिवळा फ्रॉक कुणी घातला मला? टोचतोय!"

ताईने तिला असं कवटाळलं की ती आणखीच ओरडली. बाहेर शिपाईमामा दचकून जागे झाले.

*

साहेबांचा फोन तिने शाळेच्या पायऱ्यांवर बसून घेतला. भिंगरी मामांचा जुडगा घेऊन व्हरांड्यातल्या प्रत्येक दाराला प्रत्येक किल्ली लावून बघत होती.

"पुसलीत का हो ती नोंद? माझा जीव टांगणीला लागलाय!"

"नाही साहेब. नोंद आत्ताच इथल्या यंत्रावरून बंद केली; बंद करताना कारण विचारतात ना, त्यात 'चुकीची नोंद' नाही लिहिलं. 'वर्ग पूर्ण' लिहिलं. पेपर जमा झालाय."

"कुणाचा?"

"तिचा."

"परीक्षाताई, जी मुलगी नाही तिचा पेपर कोण जमा करेल? मला लेखी खुलासा द्या. आणि सुट्टी घ्या चार दिवस. तुमची तब्येत बरी नाही."

खुलासा तिने दिला. त्यात एवढंच लिहिलं की चूक तिची होती आणि नोंद वेळेवर बंद केली नाही. खोटं काही लिहिलं नाही. सगळं खरंही लिहिलं नाही. पुढच्या वर्षापासून तालमीचं काम तिच्याकडून काढून घेण्यात आलं.

भिंगरीच्या खऱ्या नंबरावर मात्र तो दुसऱ्या पर्यायांचा पेपर कायमचा राहिला. तिची सलग रेघ तुटक रेघेच्या इतकी खाली लागली की वर्षभर तिला जादा तासाला बसावं लागलं. "परीक्षाताईंची लेक आणि जादा तासाला?" सासूबाई येईल त्याला सांगत. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." ताई ऐकून घेई. खरी उत्तरं कुठल्या पेपरात गेली ते तिला माहीत होतं, आणि ती परत मागायची तिची इच्छा नव्हती.

पेपर जमा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरात नेहमीचा धिंगाणा होता. एक बूट सापडत नव्हता, चष्मा सापडत नव्हता, टूथब्रश तोंडात आणि गाणं चालू.

"दूध की पाणी?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, आणि विचारताना तिचा हात जरासा थांबला.

"दोन्ही नको! तुझ्या कपातला चहा."

"चूळ भर आधी."

भिंगरी चूळ भरून आली आणि एका पायात बूट घालून ओट्याला टेकली. "आई," ती म्हणाली, "तू तिला भिंतीचं का विचारलंस गं? तिला वाईट वाटलं होतं."

ताईने हातातला कप खाली ठेवला. तो प्रश्न विचारला तेव्हा खोलीत दोघीच होत्या. "तुला कुणी सांगितलं?"

"तिनेच. जाताना."

"अजून काय म्हणाली?" ताईने विचारलं. "भिंगरी, अजून काय म्हणाली ती?"

पण भिंगरी कधीच दारापर्यंत पोचली होती, एका बुटावर लंगडी घालत, गाणं राहिलं होतं तिथून पुढे म्हणत.